जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्क आजच्या मशीनवर चालतात का?

तबकडीवाला
आमची ठाण्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय. काल माळा उपसताना फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात आमच्या गेमच्या डिस्क सापडल्या. मोजून २३. नऊ खालून काळ्या कुळकुळीत, दोन निळ्या, सात साध्या चंदेरी आणि पाच लोकल कॉपी, ज्यांच्यावर आत्येभावाच्या अक्षरात मार्करने गेमचं नाव लिहिलंय. हे सगळं १९९९ ते २००८ मधलं. पीएस१ तेव्हाच भंगारात गेला, पीएस२ आत्येभाऊ बेळगावला घेऊन गेला होता, पुढे त्याचं काय झालं माहीत नाही.

मुलाच्या पीएस५ मध्ये काळी डिस्क घातली तर ती ओळखलीच नाही. चंदेरी घातली, तीही नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. गणपतीत आम्ही सगळे भावंडं आत्याकडे जमतो, आरतीनंतर रात्रभर जागून पूर्वीसारखं खेळायचं असं मनात आलंय. या डिस्क आजच्या कुठल्या मशीनवर चालतील? चालत असतील तर सगळ्यात सरळ रस्ता कोणता?

पाणीपुरीप्लेट
डाउनलोड करा की. पाच मिनिटांचं काम. डिस्क भंगारात द्या.

खटपट्या_राम
तबकडीवाला, देऊ नका भंगारात. आधी रंगांचं सांगतो. काळ्या त्या पीएस१ च्या, सीडी. निळ्या त्या पीएस२ च्या सुरुवातीच्या काळातल्या, त्याही सीडीच. चंदेरी त्या पीएस२ च्या डीव्हीडी, ४.७ जीबीच्या. लोकल कॉपी म्हणजे सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर, त्यांचं नशीब वेगळं, त्यावर नंतर येतो.

आता पीएस५ का नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. पीएस४ पासून सोनीने सीडी वाचणंच बंद केलं, पीएस४ आणि पीएस५ दोन्हीत गाण्याची सीडीसुद्धा चालत नाही. म्हणजे काळी आणि निळी डिस्क तिथे वाचलीच जात नाही. चंदेरी डीव्हीडी लेझरला दिसते, पिक्चरची डीव्हीडी चालतेच ना त्यावर, पण पीएस२ चा गेम डिस्कवरून चालवणारं सॉफ्टवेअरच आत दिलेलं नाही. पीएस५ ला फक्त पीएस५ आणि पीएस४ च्या डिस्क कळतात. जुने काही गेम स्टोअरवर आहेत पण ते परत विकत घ्यायचे, तुमची डिस्क दाखवून सूट वगैरे काही नाही.

डिस्क घालून थेट खेळायचं तर रस्ते दोन. एक, जुना पीएस३. कुठलंही मॉडेल पीएस१ ची डिस्क चालवतं. पीएस२ ची डिस्क मात्र फक्त सुरुवातीच्या मोजक्या मॉडेल्सवर, कारण त्यांच्यात पीएस२ ची चिप बसवलेली होती, पुढे काढून टाकली. दोन, पीसी किंवा लॅपटॉप, बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह, पीएस१ साठी डकस्टेशन आणि पीएस२ साठी पीसीएसएक्स२ हे इम्युलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम. तुम्हाला हा दुसरा सोपा पडेल.

तबकडीवाला
@पाणीपुरीप्लेट, गेम हवाय म्हणून नाही हो विचारत. या डिस्क आम्ही पैसे साठवून घेतल्यात. दिवाळीची ओवाळणी, दहावीचं बक्षीस, सगळं त्या डब्यात आहे. याच डिस्क फिरलेल्या बघायच्यात.

@राम, खूप आभार. ड्राइव्ह कसला घेऊ? आणि काळा रंग कॉपी होऊ नये म्हणून होता ना?

खटपट्या_राम
साधा कुठलाही यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह चालतो. काळ्या रंगाचा आणि कॉपीचा काही संबंध नाही. सीडीचा लेझर अवरक्त असतो, आपल्याला काळं दिसणारं ते प्लास्टिक त्याला आरपार दिसतं, म्हणून साध्या ड्राइव्हमध्येही ती डिस्क वाचली जाते. कॉपी अडवायची युक्ती डिस्कच्या आतल्या कडेला आहे. तिथला माग मुद्दाम हलकासा नागमोडी काढलाय आणि त्या हेलकाव्यात चार अक्षरांचा संकेत दडवलाय, जपानसाठी एक, अमेरिकेसाठी वेगळा, युरोपसाठी वेगळा. घरच्या रायटरला तो हेलकावा काढता येत नाही. कन्सोलला ती अक्षरं मिळाली नाहीत की डिस्क नाकारतो. आपल्याकडे दुकानात कन्सोल ‘चिप मारून’ मिळायचा ना, ती चिप हीच अक्षरं कन्सोलला खोटीखोटी ऐकवायची.

गच्चीवरची
आमच्या आईने माझ्या सगळ्या गेमच्या सीड्या दोरीत ओवून बाल्कनीत टांगल्या होत्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. मी हॉस्टेलवरून आले तर पूर्ण ग्रिलभर गोल गोल चमकतंय. आईचं म्हणणं, ‘एकही कबुतर नाही आलं, फार कामाच्या निघाल्या गं तुझ्या सीड्या.’ काळ्या डिस्क तेवढ्या वाचल्या, त्या चमकत नव्हत्या म्हणून तिने घेतल्याच नाहीत.

चौदा_इंची
@गच्चीवरची 😂😂 काळ्या रंगाचा खरा उपयोग आज कळला.

रत्नांग्रीकर
डिस्क ड्राइव्हात घालायच्या आधी नीट बघून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, सीडीला येणार नाही असं होतच नाही. कव्हरातला कागद ओला राहतो आणि डिस्कच्या कडेने पांढरी जाळी धरते. मी काय करतो, कोमट पाणी, एक थेंब भांड्याचा लिक्विड साबण, बोटाने हलकं चोळायचं आणि मऊ सुती कापडाने मधून बाहेर असं सरळ पुसायचं. गोल गोल पुसायचं नाही. माग गोल असतो, पुसताना गोल चरा गेला तर तो एकाच मागावर लांबवर पडतो आणि ड्राइव्हला सावरता येत नाही. आडवा चरा तो सावरून घेतो. नंतर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्यासुद्धा चालतात.

अर्धाकप
टूथपेस्ट लावा. आम्ही लहानपणी हेच करायचो आणि डिस्क चालायच्या.

खटपट्या_राम
@अर्धाकप, अगदीच चूक नाही म्हणणार, पेस्टमध्ये बारीक खर असते, ती खालचं प्लास्टिक घासून वरवरचा चरा बोथट करते. पण हात जड पडला तर दहा नवे चरे. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

खालच्या चऱ्यापेक्षा वरची बाजू जास्त जपा. सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. तिथे खिळा ओढला तर माहितीच खरवडून निघते, मग कुठली पेस्ट आणि कुठलं पॉलिश. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती वरून सहसा मरत नाही. लोकल कॉपी लेबलच्या बाजूने ट्यूबलाइटकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर उडालाय.

न्यूजर्सीतला_नाना
यात एक भानगड कोणी सांगितली नाही. भारत पाल भागात, अमेरिका एनटीएससी, टीव्हीच्या चित्राच्या या दोन पद्धती. पाल म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र, एनटीएससी ६०. त्या काळात पुष्कळ कंपन्या पाल डिस्क काढताना गेमचा वेग जुळवून घ्यायच्या नाहीत, त्यामुळे तोच गेम आपल्याकडे साधारण १७ टक्के हळू चालायचा, शिवाय वर-खाली काळे पट्टे. मी इथे आल्यावर माझ्याच आवडीचा गेम लावला आणि वाटलं कोणीतरी टेप पळवलीये.

आणि इथून कन्सोल नेणाऱ्यांसाठी, अमेरिकेतला जाड पीएस२ फक्त १२० व्होल्टचा आहे. मी २००५ साली पुतण्यासाठी नेला आणि त्याने उत्साहात थेट २३० च्या सॉकेटला लावला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर माझ्या बॅगेतच होता. तो धूर आणि पुतण्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

चौदा_इंची
नानांचं वाचून आठवलं, लोकल कॉपी बहुतेक एनटीएससीच्या असायच्या आणि आमच्या जुन्या टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट दिसायच्या! टीव्हीला फक्त पाल रंग कळायचे. आम्हाला वर्षभर वाटायचं तो गेमच ब्लॅक अँड व्हाइट आहे.

माझं मत मात्र वेगळं आहे. हे गेम खरे बघायचे ते जुन्या डब्बा टीव्हीवर. त्या काळच्या चित्रकारांनी त्या पडद्याचा धूसरपणा धरून चित्रं काढली, लॅपटॉपवर त्यांचे कोपरे टोचतात. आणि बंदुकीचे गेम तर एलसीडीवर चालतच नाहीत. टाइम क्रायसिसची बंदूक पडद्यावर किरण कुठे पोचलाय ते टिपून नेम ओळखते, एलसीडीत तो किरणच नाही. मी मुद्दाम भंगारवाल्याकडून १४ इंची टीव्ही २०० रुपयांना घेतला.

पाणीपुरीप्लेट
१४ इंचीवर चार जण काय बघणार? इम्युलेटरवर तोच गेम चौपट रिझोल्यूशनमध्ये ५५ इंचीवर दिसतो.

चौदा_इंची
दिसतो, पण बटण दाबल्यावर मारामारीचा फटका किती उशिरा बसतो ते बघा. टीव्हीत गेम मोड नसेल तर तोल जातो सगळा. आणि चार जण चटईवर एकमेकांच्या मांडीवर बसूनच बघायचे, तीच तर मजा.

तबकडीवाला
दोघांचं पटतंय 🙂 आत्याकडे मोठा एलईडी आहे, गेम मोड असला तर लावेन.

नानांच्या माहितीने मला एक गोष्ट २५ वर्षांनी कळली. आमचा टेकन ३ लोकल होता आणि शेजारच्या मुलाकडे ओरिजिनल. आम्ही दोघं भाऊ त्याच्याकडे कायम हरायचो आणि म्हणायचो की त्याचा टेकन ‘जड’ चालतो. घरी कोणाचं खरं वाटायचं नाही. म्हणजे खरंच जड चालत होता!

वकीलीण_मुलुंडची
कायद्याचं कोणी विचारलं नाही पण सांगते, कारण वर डाउनलोडचा सल्ला आलाय. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२ (१) (एए) आहे. संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला हरवणं, खराब होणं यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते. तुमच्या ओरिजिनल डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची फाइलरूपातली प्रत, घरी ठेवणं या चौकटीत मांडता येतं. लोकल कॉपीला हे लागू नाही, कारण ती प्रत मुळातच कायदेशीर नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याबद्दल, तेही लक्षात असू द्या. बॅकअप करून डिस्क विकून टाकणं, इमेज वाटणं, हे काहीच यात बसत नाही.

इम्युलेटर बेकायदा असतो असा गैरसमज फार आहे. १९९९ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने मॅकवर पीएस१ चे गेम चालवणारं सॉफ्टवेअर काढलं, लोक दुकानातली ओरिजिनल डिस्क मॅकमध्ये घालून खेळायचे. सोनीने केस केली आणि २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. नंतर सोनीने ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि ते बंद झालं. तो अमेरिकेचा निकाल, आपल्याला बांधील नाही, पण मुद्दा समजायला चांगला आहे.

खटपट्या_राम
@वकीलीण, फार नेमकं लिहिलंत. म्हणूनच इम्युलेटरला लागणारा बायोससुद्धा, म्हणजे कन्सोल सुरू करणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, स्वतःच्याच कन्सोलमधून काढलेला असावा. पीएस१ चा ५१२ केबी, पीएस२ चा ४ एमबी. तबकडीवाला, इथे तुमचं घोडं अडेल. आत्येभावाला फोन करा, पीएस२ अजून आहे का विचारा. चालू स्थितीत असेल तर पेनड्राइव्हवर त्याचा बायोस काढता येतो.

आणि थेट डिस्कवरून खेळण्याऐवजी आधी इमेज काढा. डिस्क फिरायला थांबली की गेम अडखळतो, आणि २५ वर्षांच्या डिस्कला रोज फिरवायचं तरी कशाला. पीएस२ ची साधी आयएसओ फाइल चालते. पीएस१ ची बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा, कारण त्या डिस्कमध्ये पहिला ट्रॅक गेमचा आणि बऱ्याचदा पुढचे ट्रॅक चक्क सीडीवरच्या गाण्यांसारखे संगीताचे असतात. नुसती आयएसओ काढली तर गेम चालेल पण ते संगीत गायब. काही पाल डिस्कमध्ये आणखी एक कुलूप आहे, लिबक्रिप्ट म्हणतात, त्याची खूण साध्या इमेजमध्ये येत नाही, तिच्यासाठी एसबीआय नावाची छोटी फाइल शेजारी ठेवावी लागते. गेम मध्येच उगाच अडकला तर आधी हे तपासा.

तपकीरगल्लीचा_पाहुणा
पुण्यातल्या आमच्या पिढीची गोष्ट सांगतो. मेटल गिअर सॉलिड, १९९८ चा. त्यात एका टप्प्यावर मेरिल नावाच्या पात्राला रेडिओवर गाठायचं असतं आणि दुसरं एक पात्र सांगतं की फ्रिक्वेन्सी सीडीच्या कव्हरच्या मागे आहे. म्हणजे गेमच्या आत नाही, तुमच्या हातातल्या खऱ्याखुऱ्या खोक्यावर! आमची डिस्क तपकीर गल्लीतून प्लास्टिकच्या पिशवीत आलेली, कसलं कव्हर आणि कसलं काय. आठवडाभर आम्ही गेममधली एकेक सीडीसारखी दिसणारी वस्तू उलटसुलट करून बघितली. शेवटी १४०.०० पासून एकेक आकडा फिरवत बसलो. १४०.१५ ला ती बोलली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि आम्ही इतके ओरडलो की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले. तबकडीवाला, तुमच्याकडे ओरिजिनलची कव्हरं, माहितीपत्रकं असतील तर डिस्कइतकीच जपा, आज कुठल्याही इमेजमध्ये ती येत नाहीत.

गच्चीवरची
एक्सबॉक्सवाले कोणी आहेत का? माझ्याकडे ३६० च्या डिस्क आहेत.

अर्धाकप
मी आहे. सीरिज एक्समध्ये ३६० ची डिस्क घातली तर चालते, पण सगळ्याच नाही, त्यांच्या यादीत असेल तरच. आणि गंमत म्हणजे डिस्कवरून गेम चालतच नाही. कन्सोल फक्त डिस्क ओळखतो आणि आजच्या मशीनसाठी तयार केलेली प्रत नेटवरून उतरवतो. डिस्क म्हणजे नुसती किल्ली. खेळताना ती आत असावीच लागते. यादीत नवीन भर २०२१ च्या नोव्हेंबरनंतर थांबली. सीरिज एस घेऊ नका, त्याला ड्राइव्हच नाही.

रत्नांग्रीकर
हे मला पटत नाही. नेटवरचं दुकान उद्या बंद झालं तर किल्ली घेऊन काय करायचं? ३६० चं स्टोअर २०२४ च्या जुलैत बंद झालंच ना. माहिती डिस्कवर आहे तोवर ती माझी आहे.

अर्धाकप
३६० चं स्टोअर बंद झालं तरी आधी घेतलेलं उतरवता येतं, आणि नव्या कन्सोलवर हे चालूच आहे. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, पुढच्या वीस वर्षांची खात्री कोण देणार.

न्यूजर्सीतला_नाना
निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलच्या छोट्या ८ सेंटीमीटरच्या डिस्क असतील तर पीसीच्या ड्राइव्हचा नाद सोडा, साध्या ड्राइव्हला त्या वाचता येत नाहीत. त्यांचाच पुढचा कन्सोल वी (Wii), त्याचं जुनं पहिलं मॉडेल शोधा, त्यात त्या थेट चालतात.

अवांतर. पीएस१ वरचा पहिला रिज रेसर गेम एकदा सुरू झाला की सगळा मेमरीत जातो. मग झाकण उघडून डिस्क काढायची आणि स्वतःची गाण्याची सीडी घालायची, शर्यतीत तीच वाजते. मी भीमसेन जोशींच्या अभंगांची सीडी घालून गाडी चालवायचो. वडील गेमवर कायम चिडायचे, पण त्या दिवसापासून स्वतः मागे खुर्ची टाकून बसायला लागले.

तपकीरगल्लीचा_पाहुणा
नाना, हे फारच सुंदर. 🙏

तबकडीवाला
अपडेट देतो, उशीर झाला, घर हलवण्याच्या गडबडीत होतो.

एक, आत्येभावाचा पीएस२ मिळाला! बेळगावला पलंगाच्या पेटीत गोधडीत गुंडाळून ठेवलेला. चालू होतो, पण डिस्क वाचत नाही, लेन्सवर वीस वर्षांची धूळ असणार. त्याने तिथल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे दिलाय. सोबत ८ एमबीचं मेमरी कार्ड आहे, त्यात आमची २००७ ची क्रिकेटची अर्धी राहिलेली टेस्ट सिरीज असणार.

दोन, ऑफिसातल्या एकाचा यूएसबी ड्राइव्ह आणला. रत्नांग्रीकरांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या धुतल्या. ओरिजिनल १८ पैकी १७ ची इमेज निघाली, निळ्या आणि चंदेरी सगळ्या, काळ्यांपैकी आठ. लोकल पाचपैकी दोनच वाचल्या, बाकीच्या तिघींना उजेडाकडे धरलं तर चांदण्यांसारखे ठिपके. त्या वाचलेल्या दोनपैकी एक टेकन ३. वकीलीणताई, त्याची प्रत काढली नाही, ड्राइव्हात तशीच ठेवून एकदाच सुरू झालेली बघितली. बायोस अजून नसल्यामुळे ऑफिसातल्या त्याच मित्राच्या सेटअपवर. ६० ने पळतो, नाना.

तीन, अडकलेली काळी डिस्क. ग्रॅन टुरिस्मो २ ची दुसरी डिस्क. ७१ टक्क्यांवर ड्राइव्ह गुरगुरतो आणि सोडून देतो. लेबल शाबूत आहे, चरा खालून आहे, गोल. हीच डिस्क दादाला सगळ्यात प्रिय होती आणि तो चरा माझ्या हातून पडलाय, तेव्हा मी त्याला सांगितलं नव्हतं. काही करता येईल का?

खटपट्या_राम
लेबल शाबूत असेल तर आशा आहे. पेस्ट अजिबात लावू नका. आधी वाचायचा वेग कमीत कमी करून बघा, ४एक्स किंवा ८एक्स. मग दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह. जिथे एक हार मानतो तिथे दुसरा वाचून जातो, प्रत्येकाची लेन्स वेगळी. पीएस२ दुरुस्त होऊन आला की त्यातही घालून बघा, त्यात पीएस१ ची डिस्क चालते. हे सगळं फसलं तरच मशीनवर पॉलिश, आणि तेही ज्याच्याकडे नीट मशीन आहे त्याच्याकडेच.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
आजवर फक्त वाचत होतो. माझ्याकडे २००६ चा डेस्कटॉपचा आयडीई ड्राइव्ह आहे, यूएसबीच्या कनेक्टरसकट. माझ्या स्वतःच्या तीन डिस्क त्यानेच काढून दिल्या, नवीन ड्राइव्हने हात वर केले होते. शनिवारी ठाण्याला येतोय, स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी सहाला भेटू शकतो. एका डिस्कला स्लो स्पीडवर अर्धा तास धरा, लॅपटॉप चार्ज करून आणा.

तबकडीवाला
आणतो. चहा माझ्याकडून. दादाला अजून काही सांगितलेलं नाही, शनिवारनंतर सांगेन, दोन्ही गोष्टी.